हिशेब झाल्यावरचा अर्धा तास



आपल्या गटाची पंचसूत्री आपल्याला झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येते. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित हिशेब. पुढे या पाचाची दहा सूत्रं झाली. त्यात आरोग्य आलं, शिक्षण आलं, ग्रामपंचायत आली, सरकारी योजना आल्या, उपजीविका आली. आजचा विषय मात्र या दहांपैकी कुठल्याच सूत्रात सरळ बसत नाही. आज मी हाताने घडवलेली मातीची वस्तू, स्वतः जुळवलेली ओवी आणि आजूबाजूचं झाडपान बघून काढलेलं चित्र, याबद्दल बोलणार आहे. विकण्यासाठी नाही. स्वतःसाठी.

मला माहीत आहे, ऐकणाऱ्यांपैकी निम्म्या जणी आत्ताच म्हणाल्या असतील, "ताई, यातून पैसे किती सुटतील?" गटाच्या बैठकीत हा प्रश्न मी शंभर वेळा ऐकला आहे आणि तो रास्त आहे. त्याचं उत्तर मी शेवटी देणार आहे. आधी जरा कामाचं बोलू.

माती आपल्या हाताला नवी नाही

पुष्कळ जणी म्हणतात, "आम्हाला कुठे कला येते?" त्यांना मी विचारते, चूल कोणी घातली? भुई कोणी सारवली? पोळ्याला मातीचे बैल, नागपंचमीला मातीचा नाग, खानदेशात आणि विदर्भात भुलाबाई, हे सगळं घराघरात कोणाच्या हातांनी आलं?

चुलीचंच बघा. आपण माती आणतो, कुणी वारुळाची आणतं, त्यात शेण, भुसा किंवा भाताचं तूस घालतो, पायाने तुडवतो, एक दिवस मुरू देतो. तूस का घालायचं हे आपल्याला शाळेत कोणी शिकवलं नाही, पण त्यामागे शास्त्र आहे. ओल्या मातीच्या कणांमध्ये पाणी असतं. ते वाळताना निघून जातं, कण जवळ येतात आणि माती आक्रसते. एक बाजू लवकर आक्रसली, दुसरी मागे राहिली, की भेग पडते. तूस मातीला आतून धरून ठेवतं आणि ओलाव्याला बाहेर यायला वाट देतं. कुंभार मातीत लीद, राख किंवा वाळू मिसळतात, त्याचंही कारण हेच. म्हणजे कुंभारकामाचा पहिला धडा आपल्याला येतोच.

"पण चाक नाही ना आमच्याकडे," असंही कोणी म्हणेल. चाक लागतंच असं नाही. मणिपूरमध्ये आंद्रो नावाच्या गावात आणि थोंगजाओ गावात बायका चाकाशिवाय मोठमोठी मडकी घडवतात. चाक फिरत नाही, बाईच मडक्याभोवती फिरते. थोंगजाओच्या नीलमणी देवींना या कामासाठी 2007 साली पद्मश्री मिळाली. आपल्याकडे अनेक ठिकाणी कुंभाराच्या घरातली बाई माती आणते, चाळते, मळते, मडकं थापटते, रंगवते, बाजारात नेते, पण चाकाला हात लावत नाही. तसा रिवाज आहे. एवढं काम करूनही नाव चाकावर बसणाऱ्याचंच होतं. हाताने घडवायचं म्हटलं की ही अडचणच उरत नाही.

माती कशी निवडायची, कशी घडवायची

माती गाळाची घ्यावी. तळ्यात पाणी आटल्यावर तळाशी जी चिकण माती मिळते ती चांगली. नुसती काळी कसदार माती घेतली तर ती फार आक्रसते आणि तडकते, म्हणून तिच्यात चाळलेली बारीक वाळू किंवा लाल माती मिसळावी. परीक्षा सोपी आहे. मातीची बोटाएवढी जाड वळी करा आणि ती बोटाभोवती गुंडाळा. तुटली नाही, फार चिरली नाही, तर माती कामाची.

माती फोडून पाण्यात दोन-तीन दिवस भिजवा. जुन्या साडीच्या फडक्यातून गाळून खडे-मुळ्या काढा. वरचं निवळ पाणी ओतून टाका आणि खालची माती फडक्यावर पसरा. ती भाकरीच्या पिठाइतकी घट्ट झाली की भरपूर मळा. मळण्याचा कंटाळा करू नका. आत हवा राहिली की पुढे वस्तूला दगा होतो.

घडवण्याच्या दोन रीती नव्या हाताला पुरतात. पहिली चिमटीची. लिंबाएवढा गोळा तळहातावर घ्या, मधे अंगठा रुतवा आणि गोळा फिरवत फिरवत चिमटीने कडा पातळ करत जा. पणती, वाटी, चिमणीसाठी पाण्याचं भांडं असंच होतं. दुसरी रीत वळ्यांची. तळाला भाकरीसारखी चकती घ्या आणि तिच्या कडेवर करंगळीएवढ्या वळ्या एकावर एक चढवत जा. जिथे जोड येतो तिथे काडीने दोन्हीकडे ओरखडे काढा आणि पातळ चिखल लावून दाबा. ओरखडे नसतील तर जोड वाळल्यावर सुटतो. भिंत सगळीकडे सारख्या जाडीची ठेवा.

पिंपळाचं पान शिरांची बाजू खाली करून ओल्या मातीवर दाबा आणि अलगद उचला. सगळ्या शिरा मातीवर उमटतात. एरंडाचं पान, गव्हाची ओंबी, तुरीची शेंग, काहीही चालतं. ज्यांना चित्र काढायची धास्ती वाटते त्यांनी इथून सुरुवात करावी.

वस्तू उन्हात ठेवू नका. सावलीत, ओलसर फडक्याखाली, पाच ते आठ दिवस हळूहळू वाळू द्या. मे महिन्यात माती फार घाईने वाळते आणि चिरते, पावसाळ्यात वाळतच नाही. दिवाळी ते होळी हा काळ या कामाला उत्तम. वाळलेली वस्तू घासायची असेल तर ओल्या फडक्याने घासा, कोरडी घासून धूळ नाकात घेऊ नका.

आता भाजण्याचं. न भाजलेल्या वस्तूत पाणी ओतलं की ती विरघळते. माती साधारण 600 अंशांच्या वर तापली की तिचं रूपच बदलतं, मग ती पुन्हा चिखल होत नाही. इतकी आच घरच्या चुलीत नीट मिळत नाही, आणि एकदम आच लागली तर आतल्या ओलाव्याची वाफ होऊन वस्तू फुटते. म्हणून चुलीत प्रयोग करू नका. जवळच्या कुंभारआळीत जा आणि आवा लागेल तेव्हा आपल्या वस्तू त्यात लावायची विनंती करा. त्याचे पैसे द्या. पोटाचा धंदा आहे तो, आपल्या हौसेपायी त्यांना तोशीस नको. आणि तिथल्या मावशींना आधी विचारा. मातीतलं आपल्या दहापट त्यांना कळतं.

भाजणं जमलं नाही तरी बिघडत नाही. न भाजलेली चिमणी खिडकीत वर्षानुवर्षं बसते. आणि मनासारखी झाली नाही तर ती पाण्यात टाकायची, दोन दिवसांत पुन्हा माती तयार. कापड एकदा चुकीचं बेतलं की वाया जातं, कच्ची माती कधीच वाया जात नाही. शिकणाऱ्या बाईला याच्यासारखी दयाळू वस्तू दुसरी नाही.

एक इशारा. बाजारातला तैलरंग लावलेल्या भांड्यात खायचं-प्यायचं काही ठेवू नका. शोभेच्या वस्तूला गेरू, खडू, तांदळाचं पीठ, कोळसा हे घरचे रंग पुरे आहेत. हळदीचा पिवळा छान दिसतो पण उन्हात उडतो. त्याच हळदीत चुना कालवला की लाल होतो, हे आपल्याला कुंकवामुळे माहीतच आहे.

भिंत, उंबरा आणि चित्र

चित्राचंही असंच आहे. आज वारली चित्रं साड्यांवर, पेल्यांवर, शहरातल्या भिंतींवर दिसतात. जिव्या सोमा म्हसे यांनी ती जगभर नेली आणि त्यांना 2011 साली पद्मश्री मिळाली. पण मुळात ही चित्रं लग्नघरात सवाशिणी काढत. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचं पांढरं, बांबूच्या काडीचं टोक चावून केलेला कुंचला आणि मधे पालघाट देवीचा चौक. शेजारी धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणत असे. चित्र बाईचं, गाणंही बाईचं.

या चित्रांत फक्त गोल, त्रिकोण आणि रेघ असते. गोल सूर्य-चंद्राचा, त्रिकोण डोंगराचा आणि झाडाच्या शेंड्याचा. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून उभे केले की माणूस होतो. आपण वारली चित्राची नक्कल करून ते आपलं म्हणू नये, ती त्या लोकांची ठेव आहे. पण त्यातली युक्ती शिकावी, की जे रोज दिसतं तेच साध्या आकारात मांडायचं. आपल्याकडे चैत्रांगण आहे, ठिपक्यांची रांगोळी आहे. हात तयार आहे. फक्त रांगोळीच्या पुस्तकातलं कमळ काढण्याऐवजी दारातला शेवगा काढून बघा. त्याची पानं समोरासमोर येतात का, शेंग कुठून लोंबते, हे बघितल्याशिवाय काढता येत नाही. वीस वर्षं ज्या झाडाखालून पाणी आणलं ते झाड त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसतं.

ओवी कशी जुळते

कविता म्हटलं की आपण मागे सरतो. शिकलेल्यांचं काम आहे, असं वाटतं. बहिणाबाई चौधरी 1880 साली जळगावजवळच्या असोद्यात जन्मल्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात काम करताना, घरोट्यावर दळताना त्या आपल्या बोलीत गाणी रचत. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि नात्यातल्या माणसांनी त्यातली काही लिहून ठेवली. 1951 साली बहिणाबाई गेल्या आणि त्यानंतर, 1952 मध्ये, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती गाणी छापली गेली. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. पण त्यांनी गाणी रचली तेव्हा यातलं काहीच समोर नव्हतं. समोर पीठ होतं आणि शेत होतं. आणि कोणी टिपून ठेवलं नसतं, तर ते धन त्यांच्याबरोबरच गेलं असतं.

जात्यावरच्या ओव्यांचं तेच झालं. गिरणी आली, हातांचे कष्ट वाचले, ते बरंच झालं. पण पहाटेच्या दळणाबरोबर ओवीही थांबली, कारण ती जात्याच्या लयीवर चालायची. साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या गोळा करून 'स्त्रीजीवन' हे पुस्तक केलं. पुढे पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सहकाऱ्यांबरोबर गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यातल्या पुष्कळ आता 'पारी'च्या संकेतस्थळावर, म्हणणाऱ्या बाईच्या आवाजात, मोबाइलवर ऐकता येतात.

ओवी जुळवणं अवघड नाही. दोन ओळी घ्या. पहिल्या ओळीत डोळ्यांना दिसतं ते सांगा, दुसऱ्या ओळीत मनात आहे ते. शेवट जुळला की झालं. आमच्या एका गटात फाल्गुनात बैठक होती, समोर माळावर पळस फुललेला. आधी सगळ्या हसल्या, मग एका काकूंनी जुळवली:

पानाविना पळस कसा माळावर पेटला,
लेकीविना शिमगा मला मुका मुका वाटला.

त्या काकूंची मुलगी वर्षापूर्वी लग्न होऊन लांब गेली आहे. गटात दर महिन्याला त्या यायच्या, हप्ता द्यायच्या, सही करायच्या. "कशा आहात?" विचारलं तर "बरी आहे" म्हणायच्या. दोन ओळींत त्या जे बोलल्या ते वर्षभराच्या बैठकांत आलं नव्हतं. त्या दिवशी घरी जाताना दोघी जणी त्यांच्याबरोबर बोलत गेल्या.

बाईला सरळ सांगता येत नाही असं पुष्कळ असतं. सासरचं, माहेरचं, नवऱ्याचं, पैशाचं. ओवीत ते सांगता येतं, कारण ओवी पळसाबद्दल असते. ऐकणारीला कळतं, आणि सांगणारीवर बालंट येत नाही. आपल्या आज्यांनी हे फार आधी ओळखलं होतं.

आता पैशांचं

तर सुरुवातीचा प्रश्न, पैसे किती सुटतील?

एका गावातली गोष्ट सांगते. गटातल्या सात-आठ जणी मातीचं काम शिकल्या. एक जण पक्षी फार सुंदर करायची, साळुंकी, पारवा, टिटवी. मग शहरातल्या एका दुकानदाराने पाचशे पणत्यांची मागणी दिली. सगळ्या एकाच मापाच्या हव्यात, तारखेला हव्यात. बायकांनी रात्री जागून केल्या, पैसेही आले. नंतर कोणीच मातीला हात लावेना. पक्षी करणारी म्हणाली, "आता माती बघितली की मला मोजणीच आठवते."

मागणी घेणं वाईट नाही. पाचशे पणत्यांचे पैसे कोणाच्या तरी फीला, औषधाला कामी आले असतील. ज्यांना धंदा करायचा त्यांनी जरूर करावा, पण धंद्यासारखा करावा. भाव ठरवून, मजुरी धरून, वेगळी वही घालून. मात्र हौस आणि धंदा एकाच टोपलीत ठेवले की धंदा हौसेला खातो. म्हणून हौसेची टोपली निराळी राहू द्या.

छत्तीसगडच्या सरगुजा भागात, पुहपुत्रा नावाच्या गावात सोनाबाई रजवार राहायच्या. त्यांचं घर वस्तीपासून बाजूला. वर्षानुवर्षं त्यांना बाहेर कोणात मिसळता आलं नाही. घरात लहान मूल, खेळणी नाहीत. त्यांनी मातीची खेळणी केली. मग भिंतीवर पक्षी, माकडं, साप, माणसं केली. बांबूच्या कामट्या वाकवून त्यावर माती लिंपून जाळ्या केल्या, म्हणजे उन्हाची तिरीप आणि वारा गाळून आत यावा. रंग स्वयंपाकघरातलेच. कोणी शिकवलं नाही, कोणी बघायला नव्हतं, कोणी विकत घेणार नव्हतं. भोपाळच्या भारत भवनसाठी लोककला शोधत फिरणारी माणसं 1980 च्या दशकात तिथे पोहोचली तेव्हा जगाला कळलं. पुढे पुरस्कार मिळाले, नाव झालं. पण मला महत्त्वाची वाटतात ती आधीची वर्षं. त्या वर्षांत सोनाबाईंना मातीतून एक पैसाही मिळाला नाही. मिळालं ते एवढंच, की ज्या घरात त्या कोंडल्या गेल्या होत्या, ते घर त्यांनी स्वतःला राहावंसं वाटेल असं केलं.

गटाच्या वहीत याला रकाना नाही. पण याची गरज नाही असं कोण म्हणेल?

वेळ कुठून आणायचा

पहाटे पाचला उठणाऱ्या, रोजंदारीवर जाणाऱ्या, ऊसतोडीला सहा-सहा महिने बाहेर असणाऱ्या बाईला "स्वतःसाठी रोज वेळ काढ" म्हणणं ही थट्टा होईल. घरात बसून माती घोळत बसली तर "रिकामपणाचे उद्योग" हे ऐकावं लागतंच. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. "बैठकीला जाते" म्हटलं की आता बहुतेक घरांत कोणी अडवत नाही. ही मुभा आपण दहा-पंधरा वर्षांच्या चोख हिशेबाने कमावली आहे. तर मग त्याच बैठकीत, बचत गोळा झाली, कर्जाचं ठरलं, सह्या झाल्या, की पुढचा अर्धा तास या कामाला ठेवा.

तीन नियम पाळा. पहिला, त्या अर्ध्या तासात हप्ता, थकबाकी, कोणाचं कर्ज, हा विषय काढायचा नाही. दुसरा, कोणाच्या कामाला हसायचं नाही आणि नंबरही काढायचे नाहीत. तिसरा, ओव्यांची वही वेगळी ठेवायची, इतिवृत्ताच्या वहीत मिसळायची नाही. ओवी कोणाची, कोणत्या गावची, कोणत्या तारखेला म्हटली, तेवढं लिहा. लिहिता येत नसेल तर मोबाइलवर आवाज साठवा. म्हाताऱ्या आत्या-मावश्यांना आवर्जून बोलवा. त्यांना बचतीचा नियम लावू नका, नुसतं बसू द्या. त्यांच्या तोंडी काय काय आहे, ते त्यांनाही जात्याचा खुंटा हातात धरल्याशिवाय आठवत नाही. जातं कोणाच्या परसात उपडं पडलं असेल तर तेही आणा.

या महिन्याला एवढंच करा. येताना प्रत्येकीने मूठभर माती आणि आपल्या दारातलं एक पान आणायचं. पान मातीवर उमटवायचं आणि त्या झाडावर दोन ओळी जुळवायच्या. जुळल्या नाहीत तर पुढच्या महिन्याला. परतफेडीची तारीख या कामाला नाही.

तुमच्या गटात जुळलेली ओवी आम्हाला रेडिओ केंद्रावर जरूर पाठवा. जिची आहे तिच्या परवानगीने आणि तिच्याच आवाजात ती ऐकवू.

पुन्हा भेटू. नमस्कार.